वैशाखातली पाखरे



वसंत व्याख्यानमाला ही मूळची पुण्याची प्रथा. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली ती तेथे सुरू केली, आणि पुण्याचा वसंत पाहता ते योग्यच झाले. संध्याकाळी तेथे वारे सुटते, मोगरा दरवळतो आणि माणसाला चार शब्द ऐकून घेण्याची बुद्धी होते. आपल्याकडे, म्हणजे ज्याला जुनी माणसे अजून चांदा म्हणतात त्या मुलखात, वसंत असा निवांत भेटतच नाही. पानगळ संपते न संपते तोच ऊन अंगावर धावून येते. पारा ४५-४६ वर जाणे ही येथे बातमी नव्हे; एखाद्या वर्षी तो ४७ च्याही पुढे जातो, तेव्हा कोठे वर्तमानपत्रे आपली दखल घेतात. अशा दिवसांत आपण सर्व सायंकाळी सात वाजता येथे येऊन बसला आहात, याबद्दल प्रथम आपलेच अभिनंदन करावयास हवे.

आमचा विषय परसातली पाखरे आणि उन्हाळा. तो कळताच आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "त्यात तासभर बोलावयाचे काय? उन्हाळ्यात पाखरे पाणी पितात आणि सावलीत बसतात." स्नेह्यांचा हा समज आपल्यापैकी पुष्कळांचा असेल. वस्तुस्थिती अगदी उलटी आहे. चैत्र-वैशाख हा आपल्याकडच्या कितीतरी पाखरांचा सर्वांत धावपळीचा काळ होय. गाणे, भांडणे, जोडी जमविणे, घर बांधणे, अंडी, पिल्ले हे सारे याच दिवसांत उरकावयाचे असते. आपलीही लगीनसराई याच भाजून काढणाऱ्या दिवसांत असते, तेव्हा पाखरांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आरंभी पाहुण्यांना निरोप देऊ. हिवाळाभर आपल्या अंगणात शेपटी थरथरवीत फिरणारा थिरथिरा आणि नाल्याकाठी तुरुतुरु धावणारा धोबी हे चैत्र लागता लागता दिसेनासे होतात; त्यांची घरे उत्तरेला, हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे. जाणाऱ्यांत सर्वांत गडबड्या पाहुणा म्हणजे भोरडी. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना थव्याथव्याने सावरीवर आणि पळसावर उतरते, फुलातला रस पिते, कलकलाट करते आणि उठून जाते. तिचे दुसरे नाव पळसमैना. महाकालीच्या यात्रेला चैत्री पौर्णिमेच्या सुमारास मराठवाड्याकडचे यात्रेकरू चंद्रपुरात येतात, तेव्हा या पळसमैनांची जाण्याची घाई चाललेली असते. येथून त्या थेट मध्य आशियातल्या गवताळ माळांवर जातात आणि तेथे टोळ खाऊन पिल्ले वाढवितात. आपल्या पळसाच्या रसावर पोसलेली पाखरे तिकडच्या शेतकऱ्याचे टोळ खातात, हा व्यवहार आम्हाला मोठा उमदा वाटतो.

पाहुणे गेले, की घरची मंडळी तोंड उघडतात. दयाळ हा काळा-पांढरा पक्षी आपल्या वाडीत बारा महिने असतो, पण हिवाळ्यात त्याच्या गळ्यातून 'चर्रर' अशा कुरकुरीखेरीज काही निघत नाही. मार्च लागला की तोच पहाटे साडेचार-पाचला घराच्या सर्वांत उंच टोकावर, हल्ली बहुधा मोबाईलच्या मनोऱ्यावर किंवा पाण्याच्या टाकीवर, बसून अशी शीळ घालतो की कूलरच्या घरघरीतूनही ती ऐकू यावी. तांबटाचे 'टुक् टुक् टुक्' तर आपण दुपारभर ऐकतो. ते करताना हा चिमणीपेक्षा थोडा मोठा हिरवा पक्षी चोच उघडीत नाही. त्याच्या गळ्याची कातडी प्रत्येक ठोक्याला फुगते. बोलता बोलता तो मान फिरवितो, म्हणून आवाज एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून आल्यासारखा वाटतो आणि शोधणारा चकतो. हा तांबट आम्हाला पुढे पुन्हा लागणार आहे, तेव्हा त्याला येथेच थांबवू.

आता कोकिळ. येथे प्रथम एक जुनी चूक दुरुस्त करावयास हवी. 'कोकिळा गाते' असे आपण म्हणतो आणि गोड गळ्याच्या गायिकेला गानकोकिळा ही पदवी देतो. वास्तविक 'कुहू' करतो तो नर. तो काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके असलेली, आणि तिचा आवाज 'किक् किक् किक्' असा कर्कश. आमच्या गायिकांचा यात काही अपमान नाही, कारण पदवी देणाऱ्यांनी पक्षी पाहिला नव्हता एवढेच. कोकिळ कोठून येतो असे मुले विचारतात. तो कोठून येत नाही. तो येथेच असतो, वड-पिंपळाची फळे खात मुकाट्याने दिवस काढतो, आणि कावळे घरटे बांधण्याच्या विचारात आले की त्याला कंठ फुटतो.

ही वेळ जुळणे योगायोगाने नाही. कोकिळेला स्वतःचे घरटे नाही. तिला कावळ्याचे घरटे लागते, आणि तेही अंडी घालण्याच्या नेमक्या दिवसांतले. कावळ्याने एप्रिल-मेमध्ये काटक्या, तारा, सुतळीचे तुकडे जमवून कडुनिंबावर घर उभारले, की नर कोकिळ जवळ जाऊन ओरडतो. कावळे चिडून त्याच्या पाठीस लागतात आणि तेवढ्यात मादी आपले काम साधते, असे पुष्कळ निरीक्षकांनी लिहून ठेवले आहे. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्याहून लहान, पण ते दोन-तीन दिवस आधी फुटते. पिल्लू सुरुवातीस काळेच असते, म्हणून कावळीण फसते असे मानतात. युरोपातल्या कोकिळेच्या एका भाऊबंदाचे पिल्लू जन्मल्याबरोबर यजमानाची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर लोटते. आपल्या कोकिळेचे पिल्लू सहसा असे करीत नाही. ते कावळ्याच्या पिल्लांबरोबरच वाढते. फक्त आधी जन्मल्याने आणि अधिक ओरडण्याने घास जास्त मिळविते. एवढा सभ्यपणा आम्ही त्याच्या खाती जमा करतो. कावळ्याबद्दल मात्र समाजाला दया नाही. ज्याला आपण लबाड म्हणतो तो दरवर्षी दुसऱ्याचे पोर वाढवून देतो, आणि गाण्याचे श्रेय पोराला!

कोकिळेच्याच कुळातला पावशा. 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणून तो शेतकऱ्याला सांगतो असे आपण मानतो, आणि आवाज एकदा कानी बसला की दुसरे काही ऐकूच येत नाही. हे ओरडणे मार्च-एप्रिलपासून सुरू होते आणि रात्रीही थांबत नाही, म्हणून साहेबाने त्याचे नाव मेंदूच्या तापावरून ठेवले. साहेबाला पेरणी करावयाची नव्हती, त्याला झोपावयाचे होते. पावशाची अंडी सातभाईंच्या घरट्यात. ते सातभाईही आपल्या कुंपणाखालचा पाचोळा उलथापालथा करीत दिवसभर भांडत असतात.

परंतु या दिवसांतला सर्वांत विलक्षण संसार धनेशाचा. राखी धनेश हा पक्षी जंगलातच दिसतो असे समजू नका. जेथे जुने वड, पिंपळ, उंबर उभे आहेत तेथे तो गावातही असतो. एप्रिलच्या सुमारास मादी झाडाच्या ढोलीत शिरते. नर मातीच्या गोळ्या आणून देतो आणि मादी आपल्या विष्ठेत ती माती कालवून ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. एक उभी फट तेवढी राहते. तीतून नर तिला फळे, किडे, सरडे भरवितो. आत तिची उडण्याची पिसे गळतात, म्हणजे बाहेर पडायचे म्हटले तरी तिला उडता येऊ नये. ती पिसे पुन्हा येईपर्यंत पिल्ले मोठी होतात आणि मग भिंत फोडली जाते. या साऱ्या काळात नर मेला, तर आतल्या जिवांवर उपासमारीचीच पाळी येते. ऐन वैशाखात चोचीत उंबर धरून शहरावरून जाणारा धनेश दिसला, तर तो कोणाच्या तरी फटीकडे चालला आहे असे समजावे. गावातला जुना उंबर तोडताना आपण किती घरांची चूल विझवितो, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नसतो.

आता उन्हाकडे वळू, कारण खरा प्रश्न तोच आहे. माणसाच्या अंगाची उष्णता ३७ अंश. पाखराची मुळातच अधिक, ४० ते ४२ अंशांच्या घरात. बाहेरची हवा अंगापेक्षा थंड असते तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. पण हवा ४५ वर गेली, की हिशेब उलटतो आणि उष्णता बाहेरून आत येऊ लागते. मग सुटकेचा मार्ग एकच: पाणी वाफ करून उडवावयाचे. आपण घाम गाळतो. पाखराला घामाच्या ग्रंथीच नाहीत. म्हणून दुपारी भिंतीच्या सावलीत कावळा चोच वासून बसलेला दिसतो. तो तहानेने रडत नसतो. तो धापा टाकून घशातले आणि श्वासनळीतले पाणी वाफेने उडवीत असतो. होले, पिंगळे, रातवे यांची निराळी तऱ्हा. ते गळ्याची पातळ कातडी भराभर हलवितात. होला आणि पारवा यांच्या त्वचेतूनही वाफ जाते, म्हणूनच की काय भर दुपारी ते इतरांपेक्षा शांत दिसतात.

आपल्या घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. मुंबईत तो निरुपयोगी आणि चंद्रपुरात तो देव, कारण तिकडची हवा दमट असून आपली कोरडी आहे. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि उडताना थंडावा देते. याचा अर्थ असा की आपला कोरडा उन्हाळा ज्याच्याजवळ पाणी आहे त्याला तगवितो आणि ज्याच्याजवळ नाही त्याला फार लवकर मारतो. चिमणीचे सारे वजन २५-३० ग्रॅम. तिच्या अंगात पाण्याचा साठा तो किती! तिला अर्धी दुपारही जड जाते. शिवाय चिमणी, होला ही दाणे खाणारी पाखरे. दाण्यात पाणी नसते. किडे, फळे किंवा मध खाणाऱ्यांना अन्नातून थोडे तरी मिळते. म्हणून कूलरच्या जाळीतून ठिबकणाऱ्या पाण्याला प्रथम चोच लावतात त्या चिमण्या आणि होले. होल्याचे पाणी पिणे एकदा अवश्य पाहा. इतर पाखरे चोचीत थेंब घेऊन मान वर करतात; होला आणि पारवा मात्र चोच बुडवून गुराप्रमाणे सलग ओढून घेतात.

अंड्यांचे काय, हा प्रश्न आता आपल्या मनात आला असेल. कोंबडीची अंडी यंत्रात उबवितात तेव्हा उष्णता ३७.५ अंशांच्या आसपास ठेवतात. ती ४० च्या वर बराच वेळ गेली की आतला जीव दगावतो. मग ४५ अंशांत बुलबुलाची मादी घरट्यात बसते ती कशाला? दुपारी ती अंडी उबवीत नसते, निववीत असते! तिचे ४१ अंशांचे अंग तेवढ्यापुरते हवेहून थंड असते आणि तिची सावली अंड्यांवर पडते. आपल्या ओसरीतल्या मनीप्लँटवर बसलेली बुलबुलीण चोच उघडून धापा टाकीत असेल, आणि आपण जवळून पाहावे म्हणून तिला उठविले, तर पाच-दहा मिनिटांत अंडी शिजावीत अशी वेळ असते. मोबाईलने फोटो काढण्याची हौस सकाळी सातला भागवावी, दुपारी नाही.

या बाबतीत टिटवीची हिकमत सर्वांवर ताण आहे. ती घरटे बांधतच नाही. उघड्या मुरमाड जमिनीवर, कधी घराच्या गच्चीवरच्या गिट्टीत, चार ठिपक्याठिपक्यांची अंडी टोके आत करून मांडते. सावली म्हणून काही नाही. मग नर आणि मादी आळीपाळीने पाण्याकडे जातात, पोटाची पिसे भिजवितात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसतात. आपण वाळ्याचे पडदे शिंपतो तसाच हा प्रकार. आपल्या झाडीपट्टीतले जुने मालगुजारी तलाव आटू लागले, की या फेऱ्या लांबतात. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस अधिक आणि कावळ्याने बाभळीवर घर केले की दुष्काळ, अशी भाकिते दरवर्षी छापून येतात. आमच्या मते टिटवी त्या क्षणी जेथे कुत्रा येणार नाही अशी जागा शोधते. पंचांग पाहत नाही.

मग इतका जाच सोसून ही पाखरे याच दिवसांत संसार का थाटतात? सर्वच थाटत नाहीत, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. बहिणाबाईंनी जिचे कौतुक केले ती सुगरण या दिवसांत घर बांधावयास घेत नाही. डॉ. सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीचा अभ्यास केला आणि तो प्रसिद्ध केला. तिच्या विणकामाला हिरवे, लवचिक गवताचे पाते लागते आणि ते पाऊस आल्यावाचून मिळत नाही. पिल्ले मोठी होतात तोवर गवताचे बी तयार होते. म्हणजे प्रत्येक पाखरू आपल्या पिल्लाच्या घासाकडे नजर ठेवून मुहूर्त काढते. उन्हाळ्यात अंडी घालणाऱ्यांचा हिशेब दोन प्रकारचा. काहींना फळे आणि फुले हवीत. आपल्या रानात पानगळीनंतर पळस, सावर, मोह फुलतात, वड-उंबर पिकतात, टेंभरे गोड होतात. इतरांना किडे हवेत, कारण दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लाला प्रथम अळ्याच भरविते. त्यांच्या पिल्लांचा पहिला, अडाणी महिना मृगाच्या सरींबरोबर आला, की दोन्ही हातांनी लुटावे इतके किडे असतात. नवतपा अंगावर काढावयाचा तो या हिशेबाने. ज्याला उशीर झाला त्याची पिल्ले मुसळधार पावसात सापडतात. मे अखेर-जूनमध्ये चातक आला, की हा काळ संपत आला असे समजावे.

याच सुमारास एक नवखा आपल्या वाडीत उतरण्याचा संभव असतो. नवरंग हा दक्षिणेत आणि श्रीलंकेत हिवाळा काढून मे महिन्यात आपल्या भागात येतो. रात्रीचा प्रवास करून थकलेला हा रंगीबेरंगी, आखूड शेपटीचा पक्षी कधी कधी घरात, न्हाणीघरात, दुकानाच्या छपरीत शिरतो आणि मग कोणी परदेशी पक्षी सापडला म्हणून गर्दी जमते. त्याला अंधाऱ्या खोक्यात दोन-चार तास शांत ठेवावे आणि सायंकाळी झाडाखाली सोडून द्यावे. पुढे पंधरा दिवसांनी जंगलाच्या कडेला पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन स्वरांची शीळ ऐकू येते. हल्ली काही हौशी मंडळी मोबाईलवर तीच शीळ वाजवून त्याला पुढे बोलावतात. दुसरा नर आला असे समजून बिचारा पिल्लांचे काम सोडून भांडावयास येतो. हा खेळ आम्हाला मुळीच पसंत नाही.

पाण्याविषयी चार शब्द. आपल्यापैकी पुष्कळजण पाणी ठेवता, पण स्टीलचा गंज गच्चीवर उन्हात ठेवण्यात अर्थ नाही. त्यात चहा होईल. मातीचे पसरट परळ घ्यावे, पाणी दोन बोटे खोल, मध्ये एक-दोन खडे म्हणजे लहान पाखराला उभे राहता येते. जागा सावलीची, पण मांजर दबा धरील अशी झुडपाची आडोशी नव्हे. पाणी रोज ओतून परळ घासावे, नाहीतर रोग पसरतो. रोज बदललेल्या पाण्यात डास होत नाहीत, तेव्हा डेंग्यूची भीती हे न ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. एकदा ठेवू लागलात, की पाऊस येईपर्यंत बंद करू नका. पाखरू सवयीने येते, आणि मे महिन्यात आपण आठ दिवस लग्नाला गेलो तर त्याला तसे कळविता येत नाही. शेजाऱ्याला सांगून जावे. दाणे टाकण्यापेक्षा वाडीत औषध फवारणे थांबविले तर पिल्लांना अधिक उपयोग. आणि कोपऱ्यात फरशी न घातलेली थोडी माती असू द्या. चिमण्या तीत अंघोळ करतात.

शिंजिराचे घरटे अनेक घरांतून झाडूने जाते. कोळिष्टके, वाळकी पाने, सालपटे यांची ती लोंबती पिशवी कपड्याच्या दोरीला किंवा विजेच्या वायरीला टांगलेली असते आणि अगदी जळमटासारखी दिसते. तशीच दिसावी ही मादीची योजना असते. अडचण अशी की शत्रू फसतो आणि घरची गृहिणीही फसते. लग्नघराची साफसफाई काढताना काठी लावण्यापूर्वी वर बाजूला एक दार आहे की काय एवढे पाहावे.

येथे आम्हाला स्वतःची एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती सांगताना आम्हाला संकोच वाटतो. आमच्या वाडीत एक शेवगा होता. त्याची एक जाड फांदी सुकली होती. पावसाळ्यात ती छपरावर पडेल म्हणून आम्ही एप्रिलअखेर माणूस लावून ती उतरविली. खाली आल्यावर पाहतो तो फांदीच्या खालच्या अंगाला, रुपयाच्या नाण्याने झाकावे एवढे, कोरून काढल्यासारखे गोल भोक. आत तांबटाची तीन पिल्ले, डोळे न उघडलेली. आम्ही ती फांदी तशीच शेजारच्या झाडाला बांधून पाहिली. नर-मादी पहिल्या दिवशी जुन्या जागीच घिरट्या घालीत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्ले हलेनाशी झाली. वर्षानुवर्षे पाखरांवर बोलणाऱ्या माणसाला सुकलेल्या फांदीचा खालचा भाग पाहण्याचे सुचले नाही.

तेव्हापासून आम्ही या प्रश्नाकडे निराळ्या नजरेने पाहतो. आपल्याला सुकलेली फांदी म्हणजे सरपण किंवा धोका. तांबटाला जिवंत, कठीण लाकूड कोरता येत नाही. त्याला सुकलेली, पोचट फांदीच लागते, आणि त्याने सोडलेल्या भोकातून पुढे इतर लहान पाखरे राहतात. आता पाहा: पावसाळ्यापूर्वीची झाडांची छाटणी आपण सर्व कधी करतो? एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत. विजेच्या तारांखालच्या फांद्या, छपरावरच्या फांद्या, मंडपाला आड येणाऱ्या फांद्या याच वेळी पडतात. कोतवाल, हळद्या, बुलबुल, होले यांची घरटी नेमकी याच वेळी भरलेली असतात. कोतवालाचे घरटे असलेल्या झाडावर हळद्याही घर करतो, कारण कोतवाल घारीलाही हाकलतो. म्हणजे एका कुऱ्हाडीत सबंध आळी जाते. तारांना धोका असेल तर फांदी काढलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. आमचे म्हणणे एवढेच की तीच छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरात करता येते. त्या वेळी बहुतेक घरटी रिकामी असतात आणि झाडालाही उन्हात उघडे पडावे लागत नाही. मे महिन्यात टाळता येण्यासारखे नसेल, तर खाली पाच मिनिटे उभे राहून पाखरू कोठे ये-जा करते ते पाहावे. हे काम दहा वर्षांचा मुलगा उत्तम करतो.

जमिनीवर सापडलेल्या पिल्लांविषयी आम्हाला या दिवसांत फार विचारणा होते. अंगावर पिसे आली असून ते टुणटुण उड्या मारीत असेल, तर ते अनाथ नव्हे. बुलबुल, दयाळ, सातभाई यांची पिल्ले नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात आणि आई-बाप त्यांना खालीच भरवितात. त्याला उचलून झुडपात ठेवावे, मांजर बांधावे आणि आपण दूर व्हावे. हात लावला की आई टाकून देते ही समजूत चुकीची आहे. उघडे, बिनपिसांचे पिल्लू असेल तर घरटे शोधून त्यात परत ठेवावे. दूध-पोळी भरवू नये. राघूच्या पिल्लाला पिंजऱ्यात घालू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे, आणि बाजारात विकावयास येणारी पिल्ले ढोलीतून ओढून काढलेलीच असतात.

परसाच्या कुंपणापलीकडे रान आहे, आणि आपल्या दोन जिल्ह्यांत ते फार दूर नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून निराळा झाला. पाखरांच्या लेखी मात्र वैनगंगेचे दोन्ही काठ एकच आहेत. आपण वैशाखवणवा हा शब्द उन्हाला लावतो. तिकडे तो खरा पेटतो. मोहाची फुले पहाटे गळतात. ती पाचोळ्यात दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची चाल आहे, आणि ती आग पुष्कळदा तेवढ्यावर राहत नाही. रातवा घरटे करीत नाही, त्याची दोन अंडी थेट पाचोळ्यावर असतात. तित्तर, लावे, रानकोंबड्या साऱ्या जमिनीवर. आग येते तेव्हा मादी शेवटच्या क्षणापर्यंत बसून राहते, कारण रंगाने पाचोळ्यात मिसळून जाणे हेच तिचे संरक्षण, आणि ते आगीपुढे चालत नाही. मोह वेचणाऱ्या बाईला दोष देऊन आपण येथे शहरात मोकळे होऊ नये. तिच्या घरचे वर्षाचे मीठमिरची त्या फुलांवर चालते. पाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूला केला तरी फुले दिसतात, पण झाडण्याला वेळ आणि माणसे लागतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि त्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभांना तो मिळाला. जेथे रान आपले म्हणून कागदावर आले, तेथे आगीचा निर्णय गावच्या बैठकीत घेता येतो. बाहेरून जाऊन उपदेश करण्यापेक्षा आम्हाला या बैठकांची आशा अधिक वाटते.

या प्रांतातल्या पाखरांना मराठी नावांनी ओळखावयास शिकविले ते मारुती चितमपल्ली यांनी. विदर्भाच्या रानांत वनाधिकारी म्हणून आयुष्य काढलेला हा लेखक २०२५ साली गेला. त्यांचा 'पक्षीकोश' ज्यांच्या घरी नसेल त्यांनी आणावा. आज आम्ही घेतलेल्या नावांची चित्रे डोळ्यांपुढे नसतील, तर आमचे बोलणे निम्मे वाया गेले.

शेवगा आम्ही पुन्हा लावला होता. तो आता छपराच्या वर गेला आहे आणि त्याचीही एक फांदी गेल्या वर्षी सुकली. शेजारी दोनदा सांगून गेले की ती काढून टाका, पडेल. आम्ही तिला खालून बांबूचा टेका दिला. गेल्या रविवारी त्या फांदीखाली जमिनीवर लाकडाचा बारीक भुसा दिसला आणि वर एक गोल, उथळ खळगा. रात्रीच्या निवाऱ्यासाठी चालले आहे की संसारासाठी, ते अजून कळत नाही. सकाळी सहाच्या सुमारास ठोके ऐकू येतात. आम्ही परळ जरा लांब, बेलाखाली सरकवून ठेवले आहे.